अर्धा आटा जास्त

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. ज्याला गाता येत नाही पण गाण्यातलं कळतं, त्याच्यासाठी हा शब्द. ह्या गृहस्थाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला कळायची इंजिनं. गवत कापायचं मशीन, फवारणीचा पंप, झाडं कापायची करवत, असं जे जे पेट्रोल पिऊन फटफटतं ते सगळं तो दुरुस्त करायचा, आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी ते ऐकायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक तोवर चिडीचूप. मग डोळे उघडून तो म्हणायचा, "बेअरिंग गेलंय. डाव्या अंगाचं." खोलून बघावं तर डाव्या अंगाचंच गेलेलं असायचं.

दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली. आत लाकडी बाक, त्याला घट्ट बसवलेला, वस्तू जबड्यात धरून ठेवणारा व्हाइस, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने आणि पकडी, कोपऱ्यात पोट फाडून ठेवलेल्या इंजिनांची रास. त्यामागे एक पडदा आणि पडद्याआड त्याच्या बायकोचं शिवणाचं मशीन. त्याच्याही मागे स्वयंपाकघर. दोघांचा संसार असा एका रांगेत मांडलेला होता. पुढे ह्याची फटफट, मध्ये तिची टकटक, मागे भांड्यांचा आवाज. एकुलती एक मुलगी ह्याच गोंगाटात वाढली. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तेव्हा पहिले काही दिवस शांततेमुळे तिला झोप लागेना.

ज्या आवाजांनी त्याचं घर चालवलं, त्यांनीच हळूहळू त्याचे कान कुरतडले. कामाच्या वेळी कानात बोळे घालावेत, असं त्याच्या मनात कधी आलं नाही. बोळे घालून ऐकायचं कसं? जिभेवर फडकं बांधून मीठ चाखण्यातला तो प्रकार. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, फोनची घंटी गेली, दाराची कडी वाजलेली कळेनाशी झाली. इंजिनाची जाड घरघर तेवढी शाबूत होती, त्यामुळे आपलं काही हरवलंय ह्याचा त्याला पत्ताच नव्हता. जो आवाज आलाच नाही, तो चुकला म्हणून कोण हळहळतो?

एकदा मुलीचा फोन आला. "बाबा, सासूबाई जिन्यावरून पडल्या, पाय मोडलाय," ती म्हणाली. हा म्हणाला, "वा वा, छान झालं!" शेजारी बसून सगळं ऐकणाऱ्या बायकोनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि कशीबशी सारवासारव केली.

"कान दाखवून या एकदा," ती नंतर म्हणाली.

"लाईनमध्ये खरखर होती," तो म्हणाला. "आणि माझे कान? अगं, माझ्या कानांवर हे घर चाललंय."

तिनं पुन्हा विषय काढला नाही. तिचं आणि त्याचं असं ठरलेलंच होतं. त्याच्या कामात ती तोंड घालत नसे, तिच्या कामात तो. इतकी वर्षं ते बरं चाललं होतं.

पानगळ सुरू झाली त्या सुमारास माळीणबाई त्यांचा ब्लोअर घेऊन आल्या. रस्त्याच्या टोकाला चढावर एक वृद्धाश्रम होता, तिथली बाग त्या एकट्या सांभाळायच्या. फाटकापासून इमारतीपर्यंत उतरणीची फरसबंद वाट आणि दोन्ही अंगांना जुनी मोठाली झाडं. ती झाडं पानं गाळायला लागली की वाटेवर थरच्या थर साचायचे, आणि दवानं भिजली की ती पानं साबणासारखी निसरडी व्हायची. म्हातारी माणसं काठी टेकत, वॉकर ढकलत त्याच वाटेनं फिरायला निघत. म्हणून ती बाहेर पडायच्या आत वाट साफ झालीच पाहिजे, हा माळीणबाईंचा नेम होता. त्यासाठी त्यांच्याकडे वाऱ्याच्या झोतानं पानं उडवणारा, पाठीवर घ्यायचा पेट्रोलचा ब्लोअर होता, त्यांच्याइतकाच मुरलेला.

"चालू होतो, मिस्त्री, पण जीव धरत नाही," माळीणबाई पट्टे सोडवत म्हणाल्या. "रेस दिली रे दिली की मान टाकतो. आज तर दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली."

त्या नेहमी चढ्या आवाजात बोलायच्या, त्यामुळे त्यांचं सगळं त्याला ऐकू आलं.

"बसा, बाई. बघतो."

त्यानं आधी टाकी उघडून वास घेतला. पेट्रोल शिळं झालं की त्याला जुन्या व्हार्निशसारखा वास मारतो. तसा थोडा येत होता. ते ओतून टाकून त्यानं तेल मिसळलेलं ताजं पेट्रोल भरलं; तेलाशिवाय असलं इंजिन आतून घासून जाम होतं. प्लग काढला, तो काळा आणि ओला होता. पुसून, घासून, इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढली तर निळी ठिणगी पडली. म्हणजे आग ठीक. हवेचा फिल्टर पानांच्या चुऱ्यानं गच्च झाला होता, तो साबणाच्या पाण्यात टाकला. टाकीतला पेट्रोलचा फिल्टर तारेच्या आकड्यानं बाहेर ओढला, तो बदलला. नळी बोटांत वाकवून बघितली, कुठे चीर नव्हती. कार्बुरेटर खोलला. आतला पातळ रबरी पडदा वाळून कडक झाला होता, तोही नवा घातला. शेवटी सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून उजेडात धरली. काजळीनं ती पार बुजली होती.

"हे बघा. आत घेतलेला श्वास बाहेर सोडायला जागा नाही, मग रेसला मान टाकेल नाही तर काय करेल?"

"माझ्या सासऱ्यांचंही असंच होतं शेवटी शेवटी," माळीणबाई म्हणाल्या. ह्याला ते ऐकू गेलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू बघून तोही हसला.

जाळी घासून बसवली, मशीन चालू केलं. आता उरलं ते शेवटचं काम, कार्बुरेटरचा स्क्रू लावायचं. हा स्क्रू आत फिरवला की पेट्रोल कमी होतं, बाहेर काढला की वाढतं. जास्त पेट्रोल मिळालं तर इंजिन भरल्यासारखं अडखळतं. कमी मिळालं तर जोरात पळतं, पण कोरडं पळतं, आणि तापून तापून एक दिवस आतल्या आत चिकटून बसतं. मधली जागा शोधायची ती कानानं. जन्मभर त्यानं ती अशीच शोधली होती.

पूर्ण रेस देऊन त्यानं कान लावला. आवाज जड वाटला, भरल्यासारखा. त्यानं स्क्रू थोडा आत घेतला. तरी जडच. आणखी थोडा. आता बरं वाटलं. दाराशी उभ्या असलेल्या माळीणबाईंनी कानांवर हात ठेवले होते, पण ब्लोअरसमोर सगळेच ठेवतात.

"घेऊन जा," तो म्हणाला. "घोड्यासारखा पळेल."

आठवडाभर तो खरंच घोड्यासारखा पळाला. मग एका सकाळी माळीणबाई तो हातगाडीत घालून घेऊन आल्या. दोरी ओढली तर जागची हलेना.

"चालता चालता खाडकन बंद पडला," त्या म्हणाल्या. आज त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता, त्यामुळे तो त्यांच्या ओठांकडे बघत होता. "मिस्त्री, पेट्रोलमध्ये तेल घालायचं माझ्याकडून राहिलं असेल का हो? काल जरा घाई होती. घातल्यासारखं वाटतंय, पण नक्की आठवत नाही."

त्यानं प्लग काढला. प्लगचं टोक खडूसारखं पांढरं होतं. इंजिन कोरडं पळालं की प्लग असा होतो. सायलेन्सर काढून त्या भोकातून आत बॅटरी मारली. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, वाघानं पंजा मारावा तसे. मग त्यानं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं. ते हिरवट होतं. दोन बोटांत चोळलं, बोटं बुळबुळीत झाली. तेल घातलेलं होतं, अगदी मापात.

माळीणबाई बाहेर हातगाडीच्या कडेवर बसल्या होत्या. तेवढ्या वेळात त्यानं नळी पुन्हा तपासली, सांधे तपासले. कुठून तरी हवा शिरत असावी, असं त्याला फार वाटत होतं. कुठूनही शिरत नव्हती. अखेर त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तो स्क्रू किती उघडा आहे हे मोजायला तो आत फिरवत नेला. जिथे थांबायला हवा होता त्याच्या बराच आधी तो तळाला टेकला. अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, जास्त आत गेला होता. त्या स्क्रूला त्याच्याखेरीज कुणाचा हात लागलेला नव्हता.

"तेलच राहिलं ना?" दारातून माळीणबाईंनी विचारलं.

हे त्याला स्वच्छ ऐकू आलं.

"हं," तो म्हणाला.

नुसता हुंकार होता तो. ह्या बाजूनं घेतला तर हो, त्या बाजूनं घेतला तर ऐकू न आलेल्या माणसाचं उत्तर. पण त्याला ऐकू आलं होतं. बहिरेपणाचा त्याला पहिल्यांदाच काही उपयोग झाला, आणि तो हा असा झाला.

माळीणबाई रिकामी हातगाडी ढकलत निघून गेल्या.

त्यानंतरचे दिवस कानसेनला काम सुचेना. ब्लोअर बाकाखाली ठेवला होता, त्याच्यावर त्यानं गोणपाट टाकलं. मनाला समजावण्याच्या वाटा काही कमी नसतात. मशीन जुनंच होतं. आज ना उद्या जाणारच होतं. आपण खोटं कुठे बोललो, नुसतं हं म्हणालो. ह्यातली एकही वाट फार लांब जात नव्हती, वळून पुन्हा त्या पांढऱ्या प्लगशी यायची. आणि त्याहून मोठी एक भीती होती, तिच्याकडे तो बघतच नव्हता. पूर्ण रेसमध्ये इंजिन कोरडं पळत होतं आणि ते आपल्याला जड वाटलं. मग आपण गेलं वर्षभर काय ऐकतोय? किती मशीनं अशी लावून दिली?

बायको वृद्धाश्रमाच्या उशांचे अभ्रे शिवायची. त्या आठवड्यात ती ते पोचवायला गेली आणि जेवायच्या वेळेला परतली. ताटं वाढली. हल्ली ती बोलताना त्याच्या समोर बसायची, शेजारी नाही. कधीपासून, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"माळीणबाई खराट्यानं झाडतायत," ती म्हणाली. "सगळी वाट. दुपारपर्यंत पुरी होत नाही. व्यवस्थापकांनी बाहेरची माणसं सांगितलीत, पुढच्या महिन्यापासून. बाईंना म्हणाले, आता तुम्ही घरी आराम करा."

"का?"

"का म्हणजे? तेल घालायला विसरले म्हणून त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं ना."

त्याचा घास हातातच राहिला.

"तेल होतं," तो म्हणाला.

बायकोनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मला वाटलंच."

"तुला कसं वाटलं?"

"तुम्ही ते लावत होतात त्या दिवशी मी आत होते. किंचाळत होतं हो ते. सुई मोडायच्या आधी माझं मशीन ओरडतं ना, तसं, बारीक आणि चिडलेलं. मी टाके घालायची थांबले. म्हटलं, उठून सांगावं का. मग म्हटलं, ह्यांना कळत नसेल होय? तुमच्या कामात मी कधी बोलले का, म्हणून त्या दिवशी बोलू?"

"मला ते जड लागत होतं," तो म्हणाला. "भरल्यासारखं." आणि मग, हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला फार वर्षं लागली असावीत अशा आवाजात, "मला ऐकू येत नाही गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिनं त्याच्या ताटातलं गार झालेलं काढून गरम वाढलं. "जेवा आधी. उपाशीपोटी कबुली देऊ नये, पाय लटपटतात."

तो जेवला नाही. सदरा बदलला आणि चढ चढून वृद्धाश्रमात गेला. वाटेत माळीणबाई भेटतील, त्यांना आधी एकट्यांनाच सांगू, असं त्याच्या मनात होतं. पण त्या व्यवस्थापकांच्या खोलीतच होत्या, नव्या माणसांना कुठला नळ कुठे आहे ते समजावून द्यायला बोलावलं होतं. टेबलाआड व्यवस्थापक, खिडकीशी माळीणबाई, हातात खराटा तसाच.

"ब्लोअर मी बिघडवला," कानसेन उभ्या उभ्याच म्हणाला. ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तो जरा मोठ्यानंच बोलतो. बाहेर व्हरांड्यात बसलेल्या दोन आजी वळून बघायला लागल्या. "तेल बरोबर घातलेलं होतं. स्क्रू मी चुकीचा लावला. बाईंची काही चूक नाही."

व्यवस्थापकांनी चष्मा काढला. "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"लाज वाटली," व्यवस्थापकांनी ते पुन्हा म्हणून बघितलं आणि माळीणबाईंकडे पाहिलं.

माळीणबाईंनी खराटा भिंतीला टेकवून ठेवला. आपल्यावरचा आळ गेला म्हणून त्या सुस्कारा सोडतील, निदान रागावून चार शब्द सुनावतील, असं त्याला वाटत होतं. त्या अगदी हळू बोलायला लागल्या, इतक्या हळू की त्याला दोन पावलं पुढे जावं लागलं.

"तो डबा मी हातात घेतला होता का नाही, हे मी किती वेळा आठवून बघितलं, माहीत आहे? मला दिसायचं, मी झाकण उघडतेय, माप भरतेय. आणि मग वाटायचं, हे कालचं नसेल, परवाचं असेल. तुम्ही हं म्हणालात ना, तेव्हापासून मला माझंच खरं वाटेना. मिस्त्री, मी इथे रोज काय बघते? सकाळी ओळखणारं माणूस दुपारी मला विचारतं, बाई तू कोण. सगळ्यांचं आधी असंच सुरू होतं, नळ उघडा राहतो, किल्ली सापडत नाही. मी म्हटलं, आला आपला नंबर. घरी लेकीलाही सांगून बसले मी."

मशीन बिघडलं ते बदलून देता आलं असतं. हे कुठून आणून द्यायचं?

"चुकलो," तो म्हणाला.

"चुकलातच," माळीणबाई म्हणाल्या. आणि जरा थांबून, "तुम्हाला कमी ऐकू येतं हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुमच्यापर्यंतच काय ती बातमी पोचली नव्हती."

व्यवस्थापक तसे वाईट नव्हते, फक्त घाईचे होते. मशीन दुरुस्त होऊन येईपर्यंत बाहेरच्या माणसांचं थांबवतो, असं ते म्हणाले. कानसेन दुकानात परतला, स्वतःचा जुना ब्लोअर खांद्याला लावून पुन्हा चढ चढला. माळीणबाईंनी तो त्याच्या हातातून घेतला, पट्टे आपल्या मापाला लावले, दोरी ओढली. तोवर त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

नवा सिलिंडर आणि नवा पिस्टन आला तेव्हा त्यानं ते काम एखाद्या नवशिक्यासारखं केलं, म्हणजे मन लावून आणि भीत भीत. रिंगा तेलात बुडवून बसवल्या, बोटानं दाबत पिस्टन सिलिंडरमध्ये सरकवला, प्रत्येक नट फिरवून पुन्हा एकदा फिरवून बघितला. हाताला काही विसरायला झालं नव्हतं. मशीन पहिल्या-दुसऱ्या ओढीलाच चालू झालं. मग त्यानं ते बंद केलं आणि पडदा बाजूला सारला.

"जरा बाहेर येतेस?"

"मी?" तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून तिनं टाचण्यांच्या उशीला टोचल्या. "मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायचं काही नाही. काय ऐकू येतं तेवढं सांग."

ती पदराला हात पुसत आली आणि बाकाशी अंग चोरून उभी राहिली, परक्याच्या घरात आल्यासारखी. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून ती ह्या खोलीतून हजारदा आली-गेली असेल, पण थांबली कधी नव्हती. त्यानं मशीन चालू करून पूर्ण रेस दिली, स्क्रू हळूहळू आत घेतला, आणि बंद केलं.

"सांग."

"आधी नुसतं भर्रभर्र. नाक चोंदलेल्या माणसासारखं. मधेच अडखळत होतं. मग एकदम मोकळं झालं, सरळ धार लागल्यासारखं. आणि शेवटी चीं. ते बाई नको वाटलं."

हे तिन्ही आवाज त्यानं हजारो वेळा ऐकले होते, आणि कुणाला सांगताना त्याला कधी शब्द सापडला नव्हता.

"धार लागते तिथे थांबायचं," तो म्हणाला, "आणि मग किंचित मागे यायचं. भर्रभर्र पुन्हा पुसटशी कानावर येईपर्यंत. इंजिन जरा ओलं राहिलं पाहिजे. कोरडं पळालं की मेलं."

मशीन चालू असताना तिचा शब्द त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणून तिनं आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. चीं आली की दाबायचं, निवळलं की सैल सोडायचं, एवढंच ठरलं. तो स्क्रूवर वाकला. डावा तळवा त्यानं मशीनच्या अंगावर सपाट ठेवला होता. कानाला काही फरक कळत नव्हता, पण तळव्याखाली थरथर बदलत होती, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. खांद्यावरची बोटं घट्ट झाली. तो थांबला, मागे आला. आणखी किंचित मागे. बोटं सैल पडली आणि तशीच राहिली.

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. ती कुठेतरी दूर बघत ऐकत होती, भुवया उतरलेल्या, ओठ जरासे उघडे. एवढ्या संसारात तिचा हा चेहरा त्यानं पाहिला नव्हता. आपण ऐकताना असेच दिसत असू, असं त्याच्या मनात आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं ते काही केल्या थांबेना. पेट्रोलच्या धुरावर त्यानं त्याचं खापर फोडलं. तिनं ते मान्य केलं.

पुढे तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, असं ते म्हणाले. माणसांचं बोलणं कळावं म्हणून कानात घालायचं यंत्र मिळालं. मुलीशी तो आता फोनवर बोलतो आणि भलत्या ठिकाणी छान म्हणत नाही. पण इंजिन चालू झालं की त्या यंत्रात नुसता कोलाहल होतो, म्हणून दुकानात ते काढून डबीत ठेवतो आणि कानांवर जाड टोप्या चढवतो. मागच्या वर्षभरात ज्यांची मशीनं लावून दिली होती त्या सगळ्यांना त्यानं निरोप धाडले. बरेच जण आले. दोघांची मशीनं कोरडी पळत होती, वेळेत सापडली. एक जण रागावून दुसरीकडे गेला तो गेलाच.

माळीणबाई येत राहिल्या, पण पूर्वीच्या गप्पा संपल्या. ब्लोअर न्यायला आल्या तेव्हा त्या त्याच्या बायकोशीच बोलल्या. नंतर दर वेळी पेट्रोल भरताना त्या तेलाचं माप त्याच्यासमोर उंच धरायच्या. "बघितलंत? घातलं." तो मान हलवायचा. ही शिक्षा आहे की सवय, हे त्यानं विचारलं नाही.

पुढच्या पानगळीआधी त्या मशीन साफ करून घ्यायला आल्या, तेव्हा बायको मुलीकडे गेली होती. त्यानं जाळी घासली, फिल्टर धुतला, कार्बुरेटर खोलून पुन्हा जोडला आणि हात पुसले.

"मशीन ठेवून जा, बाई. गुरुवारी देतो."

"झालं की सगळं. मग गुरुवार कशाला?"

"स्क्रू लावायचा राहिलाय." त्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. "कान माहेरी गेलेत. म्हणजे लेकीकडे."

माळीणबाईंच्या तोंडून हसू फुटलं, नको नको म्हणत असताना फुटावं तसं. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून खिळ्याला अडकवली.

"करा चालू. मी ऐकते. इतकी वर्षं पाठीवर घेऊन फिरतेय त्याला, मला त्याचा आवाज कळत नसेल?"

तो जरा घुटमळला. "चांगला चालायचा तेव्हा कसा होता, ते आठवतंय नीट?"

त्या त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "आठवतंय."

त्यानं दोरी ओढली. मशीन धडधडत जागं झालं. तो स्क्रूवर वाकला आणि नजर त्यांच्या हाताकडे लावून बसला. माळीणबाईंनी हात वर धरला होता; आवाज जुळला की तो खाली यायचा होता. तो बराच वेळ तसाच वर राहिला, मग त्यांनी तो सावकाश खाली आणला, आणि कानसेनचा स्क्रूवरचा हात तिथेच थांबला.